कॅमो फेस पेंट घेताय? आधी डबी उलटी करून बघा

प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं ना, की तुमचा धाकटा भाऊ कॅनडात ओंटारियोला असतो, तिथं रीतसर लायसन्स काढून हरणांच्या आणि बदकांच्या सीझनला शिकारीला जातो, गेल्या वर्षी त्याने तोंडाला कॅमोची, म्हणजे रानात मिसळून जायला लावतात त्या रंगाची, कांडी फासली आणि दोन दिवसांनी पापण्या सुजल्या, जबड्याची कड लाल होऊन खाजायला लागली. तुम्ही स्वतः इकडे गोव्यात डिचोलीला राहून पक्ष्यांचे फोटो काढता, तुम्हालाही पेंट लावून बघायचाय, आणि दोघांना चालेल असा एक स्किन-फ्रेंडली ब्रँड सांगा म्हणताय. आणि मधेच एक ओळ सहज टाकलीय, की रानातून घरी यायला तीन तास लागतात म्हणून भाऊ गाडीतच वेट वाइप्सने खसाखसा तोंड पुसतो. मला अख्ख्या प्रश्नात तीच ओळ महत्त्वाची वाटली, तिच्यावर येतो.

आधी मी कोण ते सांगतो. मी शिकारी नाही. तीस वर्षं देवळांच्या उत्सवी नाटकांना, दशावताराला, शिगम्याच्या मिरवणुकीला लोकांची तोंडं रंगवतोय, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी मुलाने जुना कॅमेरा दिला तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी चोडणच्या खारफुटीत डास चावून घेत बसतो. म्हणजे रंग, घाम आणि कातडी यांचं भांडण मी रोज बघतो, बंदुकीचं मला काही कळत नाही.

एक गोष्ट लगेच सांगून टाकतो, कारण हे वाचून कोणीतरी रानडुकराच्या मागे निघायचा. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, गोव्यातही तेच, त्यामुळे इथं जे काही सांगतोय ते इकडच्यांसाठी कॅमेऱ्यापुरतं आणि शिकारीचं फक्त तुमच्या भावासाठी, जिथं ते कायदेशीर आहे तिथलं. आणि मोले-बोंडल्याच्या अभयारण्यात जाताना तोंड रंगवूनच गेटवर जाऊ नका हो, गार्ड काय समजेल सांगा. आत जाऊन, बसल्यावर लावा.

आता ब्रँड. ब्रँड मी सांगणार नाही, रागावू नका, का ते ऐका. वीसेक वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यातल्या एका जत्रेत नाटक होतं, दोन राक्षस होते, दोघांनाही मी एकाच डबीतला हिरवा लावला. डबी बाजारातून आणलेली, वर नुसता एका अप्सरेचा फोटो, मागे काही नाही, ना कंपनी ना पत्ता, उघडली की नव्या दरवाज्याला मारलेल्या पेंटसारखा वास. मला तेव्हाच कळायला हवं होतं पण पडदा उघडायला वीस मिनिटं होती. नाटक झालं, मोठ्या राक्षसाने खोबरेल लावून तोंड पुसलं, जेवला, घरी गेला, त्याला आजतागायत काही झालं नाही. धाकट्याचा तिसऱ्या दिवशी सकाळी फोन, "मामा, म्हजे दोळे उगडनात." जाऊन बघतो तर दोन्ही डोळ्यांच्या जागी दोन फुगलेले नीरफणस, कपाळावर पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्या, आणि हिरवा जिथं जिथं लावला होता बरोबर तिथंच कड आखल्यासारखी लाली. पंधरा दिवस गेले त्याचे, दोन प्रयोग बुडाले, त्याच्या आईसमोर मला मान वर करता येईना. एकच डबी, एकच रात्र, दोन माणसं. म्हणून कोणी म्हणालं ना की "मी हाच वापरतो, मला काही होत नाही," तर त्याचा अर्थ एवढाच की त्याला काही होत नाही.

इथं दोन वेगवेगळ्या भानगडी असतात आणि लोक दोन्हीला ॲलर्जीच म्हणतात. एक म्हणजे साधी जळजळ, रंग लावला की अर्ध्या-एक तासात चरचर सुरू, धुतला की कमी, ती कोणालाही होऊ शकते, कातडी कोरडी असेल, सकाळीच दाढी केलेली असेल, जोरात घासलं असेल तर जास्त. दुसरी खरी ॲलर्जी, ती लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी, कधी तिसऱ्या दिवशी उगवते, आणि तोपर्यंत माणूस विसरलेला असतो की आपण काय लावलं होतं, मग कोळंबीवर संशय, फेणीवर संशय. तुमच्या भावाचं दोन दिवसांनी झालं म्हणजे गाडी दुसऱ्या रुळावर दिसतेय. आणि जागा बघा, पापण्या आणि जबडा. पेंट तर त्याने कपाळाला, गालाला, नाकालाही लावला असणार, मग तिथं का नाही? पापणीची कातडी अख्ख्या अंगात सगळ्यात पातळ, तिथं काहीही आधी दिसतं, हे एक. पण दुसरं, पुसताना माणूस सगळ्यात जास्त कुठं घासतो? डोळ्यांच्या खोबणीत आणि जबड्याच्या कडेला, कारण तिथलाच रंग निघत नाही.

तर वेट वाइप्स. ओल्या कागदाचं पाकीट महिनोन्‌महिने कुजू नये म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतंच, आणि बऱ्याच पाकिटांत ते मिथाइलआयसोथायाझोलिनोन असायचं, काहींत अजूनही असतं. नाव लांबलचक आहे पण लिहून ठेवा. यानं इतक्या लोकांना त्रास दिला की अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसवाल्या, म्हणजे काही लागून कातडीला होणारा त्रास बघणाऱ्या, डॉक्टरांच्या सोसायटीने 2013 साली त्याला "ॲलर्जन ऑफ द इयर" जाहीर केलं, आणि युरोपात 2017 पासून लावून तसंच ठेवायच्या कॉस्मेटिक्समध्ये ते घालायला बंदी आहे. धुऊन टाकायच्या वस्तूंत अगदी थोडं चालतं. आता वाइपने पुसलं की ते पाणी चेहऱ्यावरच राहतं, कोणी परत धुत नाही. त्यात तीन तास गाडीत हीटर लावून बसायचं. मी डॉक्टर नाही, फोटो बघून निदान करणारा तर नाहीच नाही, पण पैज लावायची तर मी निम्मे पैसे पेंटवर आणि निम्मे त्या पाकिटावर लावीन. नवा महागडा पेंट आणून त्याच वाइप्सने पुसला तर परत तेच होईल आणि तो म्हणेल हा ब्रँडपण फालतू.

पेंट विकत घेताना लोक पुढची बाजू बघतात, पानांचं चित्र, हरणाचं चित्र. तुम्ही मागची बघा. पुढे लिहिलेलं "हायपोअलर्जेनिक" याला अमेरिकेत कायद्याची व्याख्याच नाही, कंपनीला वाटलं ते लिहिते. "नॉन-टॉक्सिक" हा तर मोठा घोळ, शाळेतल्या पोस्टर कलरवर, ॲक्रिलिकवर पण नॉन-टॉक्सिक लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पोराने चुकून चाटला तर घाबरू नका असा, तोंडाला फासा असा नाही. शिगम्याच्या चित्ररथावर पोरांना अंगभर चंदेरी ऑइलपेंट मारून उन्हात तीन तास उभं करतात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो, पण ते सोडा, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी. "हर्बल" आणि "नॅचरल" बद्दलही तेच, मेणाची ॲलर्जी असते, लॅनोलिनची, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या चिकट मेणाची, असते, सुगंधी तेलांची तर भरपूर असते, आणि ही सगळी नॅचरलच आहेत.

मागे काय बघायचं? घटकांची पूर्ण यादी आहे का, हे पहिलं. यादी नसेल तर डबी खाली ठेवा, स्वस्त असो की महाग. आपल्याकडे विकायला असलेल्या मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच, एक्सपायरी हवी, बाहेरून आलेल्या मालावर इंपोर्टचा रजिस्ट्रेशन नंबर हवा. मग यादीत फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम हा शब्द शोधा, असेल तर नको. इथं शिकाऱ्याचा आणि कातडीचा फायदा एकच होतो, हरणाला तुमच्या तोंडाच्या रंगापेक्षा वास आधी पोचतो, त्यामुळे बिनवासाचा पेंट दोन्हीकडून बरा. मग ते मघाचं लांबलचक नाव, आणि त्याच्यासारखीच त्रास देणारी, फॉर्मल्डिहाइड सोडणारी प्रिझर्व्हेटिव्ह, डीएमडीएम हायडँटॉइन, क्वाटर्नियम-15 अशी. पॅराबेनला लोक उगाच घाबरतात, ॲलर्जीच्या बाबतीत ती बिचारी बऱ्यापैकी गरीब आहेत. आणि यादीच्या शेवटी सीआय म्हणून आकडे येतात ते रंगद्रव्यांचे. सीआय 77491, 77492, 77499 म्हणजे लोहाचे ऑक्साइड, लाल, पिवळा, काळा, थोडक्यात आपल्या जांभ्या दगडाच्या लाल मातीत आहे तीच जात, फक्त शुद्ध केलेली. 77891 म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा. 77288 आणि 77289 हे क्रोमियमचे हिरवे, बाहेरच्या कातडीला चालतात पण अमेरिकेच्या नियमात ते ओठांसाठी नाहीत, म्हणून कॅमोचा हिरवा ओठांवर ओढू नका, पाणी पिताना पोटात जातो. माझ्या मते तपकिरी-काळा-मातकट असा लोह ऑक्साइडवाला सेट घेतला तर अर्धी चिंता तिथंच मिटते. चमकदार पोपटी हिरवा कशाला हवाय, असा पोपटी आपल्या रानात आठवडाभर असतो, जूनच्या पहिल्या पावसानंतर. बाकी वर्षभर मत्तीच्या खोडाचा करडा, वाळक्या पानांचा तपकिरी आणि सावलीचा काळा.

जुन्या लोकांनी काय काय लावलंय ऐकाल तर हसाल. माझे गुरू सफेदा, पिवडी, हिंगूळ घेऊन खोबरेलात खलायचे. पिवडी ठीक, ती माती. सफेदा म्हणून झिंक ऑक्साइड मिळाला तर ठीक, पण त्याच नावाने शिसंही विकलं जायचं. हिंगूळ म्हणजे सरळ पारा. बर्लिनचा लाइशनर, मूळचा ऑपेरात गाणारा, त्याने एकोणिसाव्या शतकातच शिसं नसलेल्या ग्रीसपेंटच्या कांड्या काढल्या, त्यातल्या पाच आणि नऊ नंबरवर आपल्या कितीतरी नटांचे चेहरे उभे राहिले, पण खेडोपाडी त्या पोचायला किती दशकं गेली असतील. तेव्हा जुनं ते सोनं हे रंगपेटीला लावू नका.

आणि रानातच पाला चुरडून तोंडाला लावायचा विचार असेल तर आधी मला फोन करा. एका फोटोग्राफर मित्राने फेणीच्या बाटलीचं बूच जाळून काजळी केली, ते चाललं, जुनी पद्धत आहे ती, नुसता कोळसा, थोडं कोरडं करतो पण साबणाने निघतो. त्याच्या जोडीदाराने हुशारी केली, काजू भाजायच्या भट्टीजवळचा काळा चिकट थर बोटाने काढला आणि गालाला दोन पट्टे ओढले. काजूच्या टरफलातलं तेल आणि बिब्बा एकाच घरचे, कातडी जाळते, दोन पट्टे गालावर महिनाभर राहिले, कॅमो एकदम पर्मनंट. रानबिब्बा, खाजकुयली, अनोळखी चीक, यातलं काहीही चेहऱ्याजवळ नको. लिंबाचा रस लावून उन्हात बसलं तरी डाग पडतात, आणि हळदीने तुम्ही लपत नाही, नवरदेव दिसता.

आता बेस, म्हणजे रंग कशात कालवलाय. खरी निवड इथं आहे आणि इथं तुमचा आणि भावाचा रस्ता वेगळा होतो, म्हणूनच दोघांना एक ब्रँड ही मागणीच चुकीची.

मेण-तेलाची कांडी किंवा कॉम्पॅक्ट, शिकारीच्या दुकानात हीच जास्त मिळते. घाम-पाण्याला दाद देत नाही, थंडीत चेहऱ्यावर तेलकट थर राहतो तो बरा वाटतो. पण शून्याखाली ही कांडी दगड होते, आणि माणूस ती तशीच गालावरून ओढतो, खडूने फळ्यावर ओढावी तशी, तिथंच कातडी सोलवटते आणि मग रंगातलं काहीही आत शिरायला वाट मोकळी. भावाला सांगा, कांडी आतल्या खिशात अंगाशी ठेव, लावायच्या आधी तळव्यात दोन मिनिटं धर, आणि कांडी थेट तोंडाला लावूच नको, बोटावर घे आणि थोपट. ओढायचं नाही, थोपटायचं. मी नव्या पोरांना पहिला महिना एवढंच शिकवतो.

हीच कांडी आपल्या मे महिन्यात म्हणजे वैताग. गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलात तर शिरा होतो. तोंडावर लावली तर वरून पावडर मारून बसवल्याशिवाय तासाभरात गळ्यात उतरते, खालून घाम बाहेर येऊ शकत नाही, घामोळं येतं, आणि ज्यांना मुळात पिंपल्स येतात त्यांना आठवड्याने पेरणी उगवल्यासारखे येतात, खास करून आयसोप्रोपिल मायरिस्टेट किंवा खोबरेल असलेल्या पेंटने. मेण उष्णतेला वितळतं ही सैन्याचीही अडचण होती, स्फोटाच्या आगीत जुन्या पद्धतीचा पेंट उलट भाजायला मदत करेल म्हणून अमेरिकेत मिसिसिपीच्या एका युनिव्हर्सिटीने सिलिकोनवर आधारलेला, काही सेकंद आग झेलणारा पेंट बनवल्याचं 2012 साली जाहीर केलं होतं. आपल्याला आग झेलायची नाहीये, पण पेंटात रंगापेक्षा बेसवर किती डोकं लावतात ते यावरून कळावं.

तुमच्यासाठी पाण्यावर चालणारी वडी, वॉटर-ॲक्टिव्हेटेड म्हणतात ती, जर्मन क्रायोलनच्या वड्या नाटकवाल्यांना माहीत असतात, तशा प्रकारची. ओल्या स्पंजने लावायची, दोन मिनिटांत वाळते, मॅट दिसते, हलकी असते आणि मुख्य म्हणजे पाण्याने आणि साध्या फेसवॉशने निघते, घासावं लागत नाही. दोष असा की घामाच्या धारा लागल्या की ओघळ पडतात. पडू देत हो, ओघळ पडलेला कॅमो म्हणजे झाडाची साल, उलट बरंच. नाटकात नायिकेच्या गालावर ओघळ पडला तर माझी अब्रू जाते, रानात कोण बघतंय. पावसाळ्यात मात्र ही वडी कामाची नाही, त्या चार महिन्यांत मी पेंटच लावत नाही, जाळीचा मास्क घालतो.

आणि खरं सांगायचं तर तुम्हाला बाराही महिने मास्क पुरेल. तुम्ही हाइडच्या, म्हणजे लपून बसायच्या आडोशाच्या, कापडामागे बसता, पक्ष्याला दिसते ती लेन्स आणि तुमची हालचाल. पक्षी आपल्यापेक्षा जास्त रंग बघतो, त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या चार जातीच्या पेशी, अल्ट्राव्हायोलेटही दिसतं, त्यामुळे तुमच्या हिरव्याला तो फसेलच असं नाही, पण कपाळाची चकाकी आणि वळलेली मान त्याला शंभर टक्के दिसते. मास्कने चकाकी जाते. पेंट तेव्हाच घ्या जेव्हा मास्कने व्ह्यूफाइंडरला अडचण होते किंवा चष्म्यावर वाफ धरते, माझं तेच होतं म्हणून मी हिवाळ्यात पेंटवर येतो.

भावाचंही असंच विचारा त्याला. ओंटारियोत बंदुकीच्या हरण-सीझनला अंगावर आणि डोक्यावर भडक नारिंगी घालणं सक्तीचं आहे, दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून. हरणाला लाल-नारिंगी नीट दिसत नाही, त्याच्याकडे रंगाच्या दोनच जातीच्या पेशी, म्हणून ते चालतं. आता डोक्यावर नारिंगी टोपी आणि खाली तोंड हिरवं, याचा उपयोग किती ते त्यानेच ठरवावं. बदकांचं वेगळं, बदक वरून बघतं आणि शिकारी मान वर करून आभाळात बघतो, तेव्हा तोंड थाळीसारखं चमकतं, तिथं पेंटला अर्थ आहे. धनुष्यवाल्यांना पण, कारण दोरी गालाला टेकवायची असते आणि मास्कची जाळी मधे येते. म्हणजे त्याला वर्षातून फार तर दहा-बारा वेळा लागणार, तेही पूर्ण तोंड नाही.

पूर्ण तोंड नाही, हे दोघांनीही ऐका, कारण कातडीचं सगळ्यात जास्त भलं यात आहे. सिनेमात दाखवतात तसं कानापासून कानापर्यंत लिंपायचं नसतं. सैन्यात शिकवतात ते तत्त्व असं की जे पुढे आलंय आणि चमकतं, कपाळ, गालाचं हाड, नाक, हनुवटी, कान, तिथं गडद, आणि जे खोल आहे, डोळ्यांभोवती, नाकाखाली, हनुवटीखाली, तिथं फिका. आम्ही नाटकात बरोबर याच्या उलट करतो, उठाव द्यायला, म्हणून मला पहिल्यांदा हात उलटा चालवायला फार जड गेलं. आता यातून एक पायरी कमी करा, खोल जागी फिका लावूच नका, टोपीच्या कडेची सावली तिथं आपोआप पडते. म्हणजे डोळ्याभोवतीचा बोटभर भाग मोकळा, पापणी मोकळी, ओठ मोकळे. फक्त उंच जागी पाच-सहा वेडेवाकडे तिरके फटकारे, दोन्ही गाल सारखे नकोत. मी आरशासमोर करतो तेव्हा तीन मिनिटं लागतात आणि निम्म्याहून जास्त कातडी बिनरंगाची राहते. कमी लावलं की कमी काढावं लागतं. भावाच्या पापण्यांना त्याने परत पेंट लावायचाच नाही, कुठलाही, हे तर ठरलंच.

क्रम असा ठेवा. दाढी आदल्या रात्री, त्या सकाळी नाही. सकाळी थंड पाण्याने तोंड, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर अगदी पातळ, पंधरा मिनिटं मुरू द्या. सनस्क्रीन लावायचं तर त्याच वेळी. डासांचं औषध त्यानंतर आणि डोळ्यापासून लांब, डीट असलेलं असेल तर प्लास्टिकला लावू नका, कॅमेऱ्याचं रबर आणि चष्म्याची फ्रेम खराब होते. सगळं सुकल्यावर पेंट. व्हॅसलीनचा जाड थर देऊन वर कांडी ओढतात काही जण, "कातडीला लागू नये म्हणून", ते घसरतं आणि सरळ डोळ्यात जातं. आणि स्पंज, कांडी स्वतःची स्वतःकडे. जत्रेच्या नाटकात एका स्पंजने पंधरा तोंडं व्हायची, एकाचे डोळे आले की आठवड्यात अख्खी नाटक मंडळी काळा चष्मा लावून तालमीला.

टेस्ट. लोक कोपरावर ठिपका लावतात, दहा मिनिटं थांबतात आणि म्हणतात ओके. दहा मिनिटांत फक्त जळजळ कळते, मघाची दुसरी भानगड कळत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा ठिपका, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, त्याच जागी. खाज, लाली, बारीक दाणे, काही आलं की थांबा, तो पेंट तुमचा नाही. सात दिवस गेले तर मग एकदा कानामागून जबड्यापर्यंत दोन तास. मग पूर्ण. भावाने हे दोन हातांवर करावं, डाव्या हातावर फक्त पेंट आणि तो साबण-पाण्याने काढायचा, उजव्या हाताला पेंट नाहीच, नुसता तो वेट वाइप दिवसातून दोनदा फिरवून तसाच वाळू द्यायचा. आठवड्यात कळेल कोण चोर. पण आत्ता चेहऱ्यावर लाली असेल तर काही करू नका, सगळं शांत होऊन दोन-तीन आठवडे जाऊ देत. आणि दोन्ही हात साफ राहिले तरीही चेहऱ्याला परत झालं तर स्किनवाल्याकडून पॅच टेस्ट, पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढतात, परत एक-दोन दिवसांनी बघतात, आपल्याकडे बांबोळीला सरकारी हॉस्पिटलात स्किनच्या ओपीडीत विचारता येईल, त्याला तिकडे. मेडिकलवाला "हे लावा, उद्या जाईल" म्हणून स्टिरॉइडची ट्यूब देतो ती पापणीला मनाने लावायची नाही. डोळा मिटला, ओठ सुजले, श्वासाला त्रास झाला तर टेस्ट-बिस्ट नाही, सरळ हॉस्पिटल.

काढणं शेवटी लिहितोय पण माझ्या धंद्यात ते अर्धं काम. तेलाचा रंग तेलानेच सुटतो. मेणाची कांडी असेल तर चमचाभर बेबी ऑइल तळव्यावर, सुक्या तोंडाला, पाणी न लावता, हलक्या हाताने गोल गोल मिनिटभर, रंग आपोआप चिखल होतो, मग मऊ सुती कापडाने टिपायचा, परत एकदा तेल, परत टिपायचा, आणि मग साधा बिनवासाचा फेसवॉश, कोमट पाणी. सोललेल्या, लाल झालेल्या कातडीला काही नको, नुसतं पाणी. भांड्याचा साबण, स्क्रब, काथ्या, रॉकेल, सगळं मी डोळ्यांनी बघितलंय, एक दशावतारी तर रॉकेलच्या बोळ्याने तोंड पुसून वर बिडी पेटवायचा, देव तारी त्याला. गाडीतला तीन तासांचा प्रश्न असा सोडवता येतो: जुन्या सुती बनियनचे रुमालाएवढे सहा तुकडे, एक छोटी बाटली बेबी ऑइल, एक बाटली साधं पाणी, थंडीत पाण्याची बाटली थर्मासमध्ये. तेलाने सोडव, तुकड्याने टिप, पाण्याने ओल्या तुकड्याने दोनदा पूस. घरी गेल्यावर फेसवॉश. वाइप्सपेक्षा दोन मिनिटं जास्त लागतील.

तुम्ही त्याला आधी एवढंच करायला सांगा, पेंटच्या डबीच्या मागचा आणि वाइप्सच्या पाकिटाच्या मागचा, दोन्ही फोटो नीट अक्षरं दिसतील असे काढून पाठवायचे. पाकीट फेकलं असेल तर तोच ब्रँड दुकानात शोधून. माझ्याकडे पाठवा, मी चष्मा लावून वाचतो, आणि त्या सात दिवसांत नवा पेंट मात्र मागवू नका.